शाळा उघडली की पोट बिघडतं: सीझन नक्की कोणाचा, पावसाचा की शाळेचा?

मांडवीची_सून
आमच्या घरात मुलं दोन आणि कॅलेंडरंही दोन. मोठी गुजरात बोर्डाची, पाचवीत. तिची शाळा जूनमध्ये उघडते, दिवाळीला २१ दिवसांचं वेकेशन पडतं, मग थेट मे. धाकटा सीबीएसईत, सीनियर केजीला. त्याचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, मेमध्ये थांबतं, जूनमध्ये परत सुरू. दिवाळीला जेमतेम आठवडा, पण नाताळात थोडी सुट्टी मिळते. एक घरी आणि एक शाळेत हा प्रकार वर्षातून बरेचदा होतो, त्यामुळे कोण कधी आजारी पडतं हे मुद्दाम न बघताही दिसत राहतं.

जूनमध्ये शाळा उघडल्या की पंधरवड्याच्या आत दोघांपैकी एकाला जुलाब-उलट्या. दिवाळीच्या वेकेशनमध्ये मोठी ठणठणीत असते, धाकटा वर्गातून काहीतरी घेऊन येतो आणि ते तिला देतो. जानेवारीत आणखी एक फेरी. शाळेत विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, सीझन आहे." सासूबाईंचं त्याहून सोपं, "पकोडी खाल्ली असेल." आमच्या बडोद्यात पकोडी म्हणजे पाणीपुरी.

मला विचारायचंय ते हे, की हा सीझन पावसाचा, थंडीचा की शाळेचा? सुट्ट्या वेगळ्या लावल्या असत्या तर आजारपणंही सरकली असती का? घरगुती उपाय नकोत, आलं-लिंबू माझ्याकडे आहे.

शंकासुर
पावसाचा. २०१८ च्या जुलैत महापालिकेने बडोद्यात पाणीपुरीच्या विक्रीवर बंदी घातली, ती काही शाळेचं वेळापत्रक बघून नव्हे. जूनमध्ये पाऊस येतो आणि जूनमध्येच शाळा उघडते, एवढंच. गणपती आणि डेंग्यूही एकदमच येतात.

फतेगंजकर
त्या बंदीची आठवण नका काढू. पुऱ्या आणि बटाटे ढिगाने फेकलेले फोटो पेपरात बघून आमच्या सोसायटीतल्या बायकांनी "घरचीच शुद्ध पकोडी" असा कार्यक्रम ठेवला होता. नंतर निम्म्या सोसायटीने सुट्टी टाकली. ठेलेवाला बिचारा उगाच बदनाम.

बाळगुटी
मी बालरोगतज्ज्ञ, कारेलीबागेत दवाखाना आहे. शंकासुरांचं म्हणणं खरं आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट आली. जुलाब-उलट्या हे लक्षण झालं, त्यामागचे आजार निरनिराळे.

पावसाळ्यात येतं त्यात मोठा वाटा पाण्याचा. ई. कोलाय, शिगेला, टायफॉइड, कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, एखाद्या वर्षी कॉलरासुद्धा. जुनी पाइपलाइन, शेजारून गटार, आणि नळाचा दाब उतरला की बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. याला शाळा लागत नाही. केंद्र सरकारची जुलाबाविरुद्धची मोहीम २०१४ पासून पावसाळ्याच्या सुमारास घेतली जाते ती यामुळेच. तेव्हा ओआरएस आणि झिंक वाटतात.

रोटाव्हायरसचं उलट. त्याचा जोर थंड, कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. आणि तो सगळ्यात जास्त आडवं करतो ते सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांना, ज्यांना शाळा कशाशी खातात हेही माहीत नसतं.

तिसरा नोरोव्हायरस. शाळेत सगळ्यात सहज पसरणारा हाच. विषाणू पोटात गेल्यापासून १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या सुरू होतात, एक ते तीन दिवसांत मूल खडखडीत बरं. तो बाराही महिने असतो, थंड देशांत मात्र हिवाळ्यात उसळतो. अगदी मोजके कण पोटात गेले तरी पुरतात. वर्गात एकाने उलटी केली आणि शिपायाने कोरड्या फडक्याने पुसली, की पुढच्या दोन दिवसांत त्या बाकांच्या रांगेतून फोन येऊ लागतात.

तेव्हा ताई, तुमची जूनची फेरी आणि जानेवारीची फेरी एकाच जंतूची असेल असं धरू नका. आम्ही दरवेळी तपासणीही करत नाही, कारण तपासणीत काहीही निघालं तरी बहुतेक मुलांना द्यायचं ते पाणी, मीठ, साखर आणि झिंकच.

शंकासुर
म्हणजे मी बरोबर. शाळेचा संबंध फक्त तिसऱ्याशी, आणि त्याची तपासणी तुम्ही करत नाही. मग शाळेवर आरोप कशाच्या जोरावर?

आकडेमोड
विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून तोंड घालतो. शाळेवरचा संशय पोटाच्या आजारांतून नव्हे, गोवरातून आला. १९७३ मध्ये लंडन आणि यॉर्क (ही माणसांची आडनावं, शहरं नव्हेत) यांनी न्यूयॉर्क आणि बाल्टिमोरच्या गोवर, कांजिण्या आणि गालगुंडाच्या जुन्या नोंदी घेऊन हिशेब मांडला. शाळा चालू असताना संसर्गाचा वेग चढा, उन्हाळी सुट्टीत उतरलेला.

मग फ्रान्स. तिथे हिवाळ्याच्या सुट्ट्या सगळ्या देशाला एकदम नसतात, विभागवार वेगवेगळ्या आठवड्यांत असतात. म्हणजे ताईंच्या घरात जे दोन मुलांत चाललंय ते तिथे अख्ख्या देशात आपोआप घडतं. हवा साधारण तीच, फक्त शाळा इथे चालू आणि तिथे बंद. २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात फ्लूचा हिशेब होता आणि सुट्टीत मुलांमधला संसर्ग २० ते २९ टक्क्यांनी घटलेला निघाला. शून्य झाला नाही, हेही बघा.

नायजर देशात गोवर कोरड्या ऋतूत उसळतो, कारण शेतीची कामं संपली की लोक शहरांत येऊन दाटीवाटीने राहतात. पाऊस पडला की शेतावर परत, गोवर खाली. तिथे शाळेच्या सुट्टीची जागा शेतीने घेतलीय. जंतूला माणसं कधी एकत्र येतात आणि कधी पांगतात याच्याशी मतलब, शिक्षण विभागाच्या परिपत्रकाशी नाही.

शंकासुर
गोवर, फ्लू, पुन्हा गोवर. हे श्वासातून पसरणारे. पोटाचं सांगा.

आकडेमोड
सांगतो, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. अमेरिकेत लस येण्याआधी रोटाव्हायरसची साथ दरवर्षी नैर्ऋत्येच्या राज्यांत आधी सुरू व्हायची आणि वसंतापर्यंत ईशान्येला पोचायची. लोकांनी हवामान धरलं, आणखी काय काय धरलं. २००९ च्या अभ्यासात उत्तर निघालं ते जन्मदराचं. जिथे बाळं जास्त जन्मतात तिथे लागण होऊ शकेल अशी ताजी मुलं लवकर साठतात, तिथे साथ आधी. २००६ मध्ये लस आली आणि ताज्या मुलांचा साठा इतका आटला की पुढे साथ वर्षाआड जोर धरू लागली. शाळेचा यात हातच नाही. रोटासाठी कॅलेंडर म्हणजे पाळणाघर आणि बारशी.

बाळगुटी
याला जोडून लसीचं सांगून टाकतो, कारण आजही आजी मंडळी विचारतात की ही कसली पोलिओसारखी थेंबांची लस. सरकारी कार्यक्रमात रोटाची लस २०१६ मध्ये चार राज्यांत सुरू झाली, २०१९ मध्ये देशभर पोचली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, फुकट. लस येण्याआधी देशातल्या पाहणीत जुलाबासाठी भरती झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांत सुमारे ४० टक्क्यांना रोटा सापडत होता. ती नोरोवर चालत नाही. नोरोची लस बाजारात नाहीच.

लेस्टरचा_बडोदेकर
मी मूळचा दांडिया बाजारचा, आता इंग्लंडात लेस्टरला. इथे नोरोला लोक विंटर व्हॉमिटिंग बग म्हणतात आणि ख्रिसमसइतकीच त्याची वाट बघतात. २०२४-२५ चा हिवाळा तर फारच वाईट गेला. जीटू-१७ नावाचा प्रकार पुढे आला आणि वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्या जीटू-४ ला त्याने मागे टाकलं.

शाळा आणि सुट्टीचं म्हणाल तर एक गंमत सांगतो. ख्रिसमसच्या आठवड्यांत इथले आकडे खाली येतात आणि माणूस म्हणतो, बघा, शाळा बंद झाली, साथ ओसरली. पण त्याच दिवसांत दवाखाने अर्धवट चालू, नमुने कमी जातात, प्रयोगशाळेतली माणसं रजेवर. आजार किती घटला आणि मोजणी किती घटली हे वेगळं काढणं सोपं नाही.

शाळेचा नियम मात्र इथे पक्का आहे. शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यापासून ४८ तास मूल घरी. ताप उतरला, खेळायला लागलं, टोस्ट मागितला, तरी घरी. फोन केला की ऑफिसातली बाई पहिला प्रश्न विचारते, शेवटची कधी झाली?

मांडवीची_सून
४८ तास! आमच्याकडे सकाळी उलटी झाली आणि दुपारी खिचडी जिरली की दुसऱ्या दिवशी बस. अख्ख्या सोसायटीत हाच नियम आहे, मीही तेच करते. आकडेमोड, फ्रान्सचं वाचून मजा वाटली. माझ्या घराला विभागवार म्हणायला हवं.

निवृत्त_बाई
बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, आधी वाडीत, मग प्रतापनगरकडे. आकडे मला कळत नाहीत, पण टाकी कळते.

उन्हाळ्याचं वेकेशन ३५ दिवसांचं. तेवढे दिवस गच्चीवरची टाकी तशीच उभी असते. खाली गाळ, कधी झाकण उडालेलं, कधी कबुतर. शाळा उघडायच्या आधी ती रिकामी करून, घासून, ब्लीचिंग पावडर घालून परत भरायची असते. धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहायची पद्धत आहे. ताई, तुम्ही शाळेत गेलात की वर बघा. तारीख दिसली नाही, किंवा मागच्या सालातली दिसली, तर जूनच्या फेरीचं निम्मं उत्तर तिथेच लिहिलेलं आहे. प्रवेशोत्सवाला पाहुणे यायचे म्हणून भिंती रंगवल्या जायच्या, तोरणं लागायची. टाकीवर कुठला पाहुणा चढतोय?

दुसरं, साबण. साबणाची वडी ठेवली की मुलं एकमेकांना मारतात किंवा ती मोरीत जाते, म्हणून मग ठेवायचीच नाही असं ठरतं. मी जुन्या नायलॉनच्या मोज्यात वडी घालून नळाला बांधायची. ती टिकायची.

फतेगंजकर
बाई, मोज्याची युक्ती उचलली. आमच्या गणपतीच्या मांडवात हात धुवायच्या नळाला लावतो.

काकूंचा_पुतण्या
माझा सरळ प्रस्ताव. शाळा पहिल्या पावसानंतर, जुलैत उघडाव्यात. जूनचा पाऊस गटारं धुऊन जाऊ दे, मग मुलं येऊ देत. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतातच की. उन्हासाठी सरकवता येतं तर जुलाबांसाठी का नाही?

बाळगुटी
कारण पहिला पाऊस गटारं धुत नाही, भरतो. आणि मूल घरी राहिलं म्हणून त्याच्या घरचं पाणी शुद्ध होत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शाळा बंदच होत्या. ज्या घरांत पाणी शिरलं त्यांच्या भूमिगत टाक्यांत ते तसंच राहिलं आणि माझ्याकडे आली ती मुलं त्या घरांतली होती. पाण्यातून येणाऱ्या आजाराला सुट्टी हा उपाय नाही.

आणि बोर्डाच्या तारखा ऊन, परीक्षा आणि सण बघून ठरतात. त्यात जंतूंना मत नसतं. सुट्टी सरकवली तर नोरोची गर्दीही सरकेल, कमी होईलच असं नाही.

मांडवीची_सून
मग दिवाळीच्या २१ दिवसांत नोरोची साखळी तुटायला नको का? तुम्हीच म्हणालात, ४८ तासांत लक्षणं आणि तीन दिवसांत बरं.

बाळगुटी
वर्गातली तुटते. एका शाळेत सुरू झालेली साथ तीन आठवड्यांच्या सुट्टीत बहुतेक विझते. पण बरं झालेल्या मुलाच्या शौचातून विषाणू पुढे दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त पडत राहतो, आणि ते मूल त्या दिवसांत मुंबईला मामाकडे असतं, पुण्याला आत्याकडे असतं, नाथद्वाऱ्याच्या धर्मशाळेत असतं. वेकेशन संपल्यावर पस्तीस मुलं पस्तीस ठिकाणांहून परत येतात. जुनी साथ गेली, नवी यायला दार उघडं. शिवाय तुमचा सीबीएसईवाला मधल्या काळात शाळेत जात होताच.

उत्तरायणप्रेमी
जानेवारीच्या फेरीचा दोष शाळेला देऊ नका हो. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं बडोदं गच्चीवर असतं. एका पातेल्यातला उंधियू, एकाच बाटलीला दहा तोंडं, मांजा धरलेले हात तसेच चिक्कीच्या डब्यात. आमच्याकडे गेल्या वर्षी गच्चीवरच्या जवळपास सगळ्यांना झालं, त्यात शाळेत जाणारे कमीच होते.

बाळगुटी
किती वेळाने झालं ते आठवतंय का? संध्याकाळी उंधियू खाल्ला आणि रात्रीच, चार-पाच तासांत उलट्या सुरू झाल्या, तर ते शिळ्या किंवा नीट न ठेवलेल्या अन्नातलं विष असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुढे एकेक जण पडायला लागला, आणि मग जे गच्चीवर आलेच नव्हते अशा घरच्यांनाही झालं, तर नोरो. घड्याळ बघून बरंच कळतं.

उत्तरायणप्रेमी
१६ ला सकाळपासून सुरू झालं. मग आजीला, जी गच्चीवर चढतच नाही. उंधियू निर्दोष.

प्रयोगशाळेतली
मी सूक्ष्मजीवशास्त्रवाली. नोरोची गोष्ट मुळात शाळेपासूनच सुरू होते. ऑक्टोबर १९६८ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेत जवळपास निम्मी मुलं आणि शिक्षक एकदम आजारी पडले. मग त्यांच्या घरच्यांपैकी सुमारे एक तृतीयांश. तेव्हा कारण सापडलं नाही. राखून ठेवलेल्या नमुन्यांतून १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो विषाणू दिसला. घरच्यांचा हा आकडा लक्षात ठेवा. शाळेत कुणामुळेही सुरू होवो, पुढचा टप्पा घरातच असतो.

आपल्या देशातही शाळांत सापडलाय. केरळमध्ये २०२२ ला तिरुवनंतपुरमजवळ विळिंजमला आणि २०२३ च्या जानेवारीत एर्नाकुलममध्ये शाळकरी मुलांत पक्की नोंद झाली. तिथे तपासतात म्हणून सापडतो.

आता कामाचं. दप्तराला लटकवलेल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, अल्कोहोलने नोरो नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, तेही चांगलं चोळून. उलटी झालेली जागा आधी कागदाने उचलून घ्या, मग ब्लीचने पुसा. पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली म्हणजे साधारण १००० पीपीएम होतं, ते कमीत कमी. मिश्रण ताजं करा, काही मिनिटं राहू द्या, खिडकी उघडी ठेवा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

शंकासुर
ठीक. मी थोडा सरकतो. जून पाण्याचा, हिवाळ्यातली बाळं रोटाची, आणि दोन्हींच्या मधे शाळा आपली नोरोची पोस्टमनगिरी करते. पण मग मूळ प्रश्नाला उत्तर "कॅलेंडर बदलून फार फरक नाही" हेच ना?

निवृत्त_बाई
कॅलेंडरात एक गोष्ट बदलता येईल, हजेरीचं बक्षीस. आमच्या शाळेत वार्षिकोत्सवाला शंभर टक्के उपस्थितीचं प्रमाणपत्र मिळायचं, टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच. ते मिळावं म्हणून पालक पोरांना पोटात कळ येत असताना आणून बसवायचे. एका मुलीने प्रार्थनेच्या रांगेत उलटी केली तर आई म्हणाली, "बाई, हजेरी लागली ना?" त्या आठवड्यात माझा अर्धा वर्ग रिकामा होता. एकीच्या बक्षिसापायी वीसजणींची हजेरी गेली.

आकडेमोड
बाईंनी एका ओळीत माझ्या सगळ्या अभ्यासांवर मात केली.

लेस्टरचा_बडोदेकर
आणि परीक्षा. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आधी, म्हणजे वेकेशनने साखळी तुटायच्या बरोबर आधी सगळी आजारी मुलं वर्गात हजर. आमच्या वेळी पेपर चुकवणं म्हणजे घराण्याची अब्रू.

मांडवीची_सून
पण नोकरी करणाऱ्या आईने ४८ तास आणायचे कुठून? माझ्याकडे सासूबाई आहेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना एका मुलामागे दोन दिवस, मग दुसऱ्याला झालं की आणखी दोन, मग स्वतःला. ऑफिसमध्ये "मुलाला जुलाब" हे कारण दुसऱ्यांदा सांगायची लाज वाटते. आणि शाळा ७५ टक्के हजेरीचा धाक दाखवते, तोही सीनियर केजीला!

बाळगुटी
सीबीएसईची ७५ टक्क्यांची अट दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेला बसण्यासाठी आहे, आणि तिथेही आजारपणाची सवलत आहे. केजीला कोणी धाक दाखवत असेल तर परिपत्रक मागा. दाखला लागला तर कुठलाही बालरोगतज्ज्ञ देईल. मी तर "४८ तास घरी ठेवावे" असं चिठ्ठीवर आपणहून लिहितो. औषधाच्या नावांपेक्षा ती ओळ जास्त उपयोगी पडते.

काकूंचा_पुतण्या
आणि ट्यूशन? आमच्या शेजारचा मुलगा शाळेत "तब्येत बरी नाही" म्हणून घरी, आणि पाच वाजता त्याच तब्येतीने ट्यूशनला. एका खोलीत चार शाळांची मुलं, गोल करून सतरंजीवर. ट्यूशनला ना उन्हाळ्याचं वेकेशन ना दिवाळीचं.

आकडेमोड
हे कुठल्याच मॉडेलमध्ये नाही. फ्रान्समध्ये ट्यूशन असती तर ते २० ते २९ टक्के दिसले असते का, शंका आहे.

मांडवीची_सून
आजच ट्यूशनच्या बेनना विचारलं. त्या म्हणाल्या, आजारी असेल तर खुशाल ठेवा, रविवारी सकाळी भरून काढते, फक्त आदल्या दिवशी फोन करा. शाळेपेक्षा पटकन झालं. शाळेत शनिवारी पालकसभा आहे. टाकीवरची तारीख बघून इथे लिहिते, आणि हजेरीच्या प्रमाणपत्राचं तिथे मीच काढणार आहे. बडोद्यातलं अजून कोणी त्याच शाळेचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एकटीने बोललं की "तुमच्याच मुलाचं पोट नाजूक" असं ऐकायला मिळतं.